अमेरिकेत सरकारी कामं स्पॅनिशमध्ये की इंग्रजीत? तुमचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी न्यू जर्सीत राहते आणि शनिवारी सकाळी गावातल्या लायब्ररीत लोकांचे सरकारी फॉर्म भरून द्यायला बसते. टेबलासमोर येणारे बरेचसे स्पॅनिश बोलणारे असतात आणि फोनवर मेसेज टाकणारे आपले मराठी. मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा म्हणणारा आदेश निघाला, त्यानंतर तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. वरचे प्रश्न साधे आहेत, खाली जाल तसे किचकट. मी वकील नाही, स्वतःच्या केसबद्दल वकिलालाच विचारा.

प्र. १. अमेरिकेची राष्ट्रभाषा इंग्रजीच आहे ना? मग वाद कसला?

राष्ट्रभाषा हा शब्द आधी बाजूला ठेवू, आपल्याकडे हिंदीबद्दलही हाच गोंधळ असतो, घटनेत हिंदी संघाची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा असं कुठेच लिहिलेलं नाही. अमेरिकेच्या घटनेत तर देशाची भाषा कोणती याबद्दल अवाक्षर नाही. ३० पेक्षा जास्त राज्यांनी आपापल्यापुरती इंग्रजी अधिकृत केलीय, नेब्रास्काने तर १९२० सालीच, पण न्यू जर्सी, न्यूयॉर्क, टेक्सास इथे तसा कायदा नाही. संपूर्ण देशासाठी पहिल्यांदा असं काही झालं ते १ मार्च २०२५ ला, अध्यक्ष ट्रम्प यांनी कार्यकारी आदेश क्रमांक १४२२४ काढून इंग्रजीला अधिकृत भाषा म्हटलं तेव्हा. हा अध्यक्षांचा आदेश आहे, काँग्रेसने (म्हणजे इथल्या संसदेने, हाऊस आणि सिनेट ही तिची दोन सभागृहं) केलेला कायदा नाही. १९९६ मध्ये असं एक विधेयक हाऊसमध्ये पास झालं होतं पण सिनेटमध्ये ते पुढे गेलंच नाही.

आणि इंग्रजी चालणार की नाही असा वाद कोणी घालतच नाहीये. इंग्रजी चालतेच, चालणारच. वाद आहे तो काउंटरवरचा, म्हणजे ज्याला इंग्रजी येत नाही त्याचं काम त्याला समजेल अशा भाषेत करून द्यायचं की "इंग्रजी येणारं कोणीतरी घेऊन ये" म्हणून परत पाठवायचं. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की निम्मं भांडण तिथेच मिटतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून पुढे पुन्हा पुन्हा हेच सांगणार आहे.

प्र. २. स्पॅनिशचेच एवढे लाड का? फोन लावला की "पारा एस्पान्योल, ओप्रिमा एल दोस" (स्पॅनिशसाठी दोन दाबा) ऐकू येतं. चायनीज किंवा हिंदीसाठी का नाही?

एक कारण आकड्यांचं. जनगणना खात्याच्या २०१९ च्या पाहणीत ५ वर्षांवरच्या जवळजवळ ६ कोटी ८० लाख लोकांनी घरी इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलतो असं सांगितलं, त्यातले ४ कोटींहून जास्त स्पॅनिश बोलणारे. दुसऱ्या नंबरला चिनी भाषा, त्या सगळ्या मिळून ३५ लाखांच्या आसपास. फोनवर बटणं मोजकीच असतात, दुसरं बटण कोणाला जाणार हे उघड आहे.

पण खरं कारण जुनं आहे आणि आपल्या लोकांना ते माहीतच नसतं. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये वसवलं, इंग्रजांचं जेम्सटाउन १६०७ चं. न्यू मेक्सिकोतलं सांता फेही स्पॅनिश लोकांचंच, १६१० चं. १८४८ मध्ये ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेत आला, आजचं कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, ॲरिझोनाचा मोठा भाग वगैरे. तिथली माणसं कुठून आली नव्हती, जागच्या जागी होती, देश बदलला. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या पहिल्या घटनेत कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत छापायचे असं लिहिलं होतं, १८७९ च्या घटनेत ते काढून टाकलं. न्यू मेक्सिको १९१२ मध्ये राज्य झालं तेव्हा तिथल्या घटनेत स्पॅनिश बोलणाऱ्यांचे मतदानाचे आणि शिक्षणाचे हक्क लिहून ठेवले गेले, ते आजही आहेत. त्यामुळे "बाहेरून आलेली भाषा" हे स्पॅनिशबद्दल सरसकट म्हणता येत नाही.

आणि बाकीच्या भाषांना काहीच नाही असंही नाही. २०२० च्या जनगणनेचा फॉर्म कसा भरायचा याची माहिती ५९ भाषांत होती, त्यात आपली मराठीसुद्धा होती. न्यूयॉर्क शहरात २०१७ च्या कायद्याने १० भाषा ठरवल्यात, त्यात बंगाली आणि उर्दू आहेत.

प्र. ३. २०२५ च्या आदेशानंतर स्पॅनिश सेवा बंद झाल्या का?

सगळ्या नाही. आदेशातच लिहिलंय की कुठल्याही खात्याने दुसऱ्या भाषेतले कागद किंवा सेवा बंद केल्याच पाहिजेत असं नाही, काय ठेवायचं ते खातेप्रमुखाने ठरवायचं. मात्र याच आदेशाने २००० सालचा क्लिंटन यांचा आदेश क्रमांक १३१६६ रद्द केला, आणि खरा फरक तिथे पडला. त्या जुन्या आदेशाने प्रत्येक केंद्रीय खात्याला इंग्रजी कमी येणाऱ्यांसाठी काय करणार याचा आराखडा करायला लावला होता. आता ती सक्ती गेली. म्हणजे पूर्वी "द्यायलाच हवं" होतं ते आता "द्यायचं तर द्या" झालं.

त्याचा परिणाम खात्याखात्याप्रमाणे वेगळा दिसतो. व्हाइट हाऊसची स्पॅनिश वेबसाइट तर आदेशाच्याही आधी, जानेवारी २०२५ मध्येच गेली. घरबांधणी खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये यापुढे कारभार इंग्रजीतच असं जाहीर केलं.  त्यामुळे "बंद झालं म्हणे" असा फॉरवर्ड आला तर कुठलं खातं, केंद्राचं की राज्याचं, एवढं आधी विचारा, कारण या आदेशाने राज्यांच्या सेवांना हात लावलेला नाही.

प्र. ४. मग आपल्या भाषेत सेवा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे की नाही?

"माझ्या भाषेत बोला" असा थेट हक्क कुठल्याच कायद्यात नाही. आहे तो आडवळणाने आलेला आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण सांगतं की केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणीही वंश, रंग किंवा मूळ देश यावरून भेदभाव करायचा नाही. भाषा हा शब्द त्यात नाही. पण १९७४ मध्ये लाऊ विरुद्ध निकोल्स हा खटला झाला, सॅन फ्रान्सिस्कोत चिनी बोलणारी मुलं वर्गात नुसती बसून होती, काही कळत नव्हतं, आणि सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सगळ्यांना तेच पुस्तक, तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यासाठी शाळेचं दार बंदच आहे. तिथून पुढे शाळा, दवाखाने, सरकारी ऑफिसं यांच्यासाठीचे नियम हळूहळू उभे राहिले.

मग २००१ मध्ये अलेक्झांडर विरुद्ध सँडोव्हाल. अलाबामाने १९९० मध्ये इंग्रजी अधिकृत केली आणि ड्रायव्हिंगची लेखी परीक्षा फक्त इंग्रजीत ठेवली, त्यावर केस. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की नियमाचा परिणाम भेदभावाचा होतोय एवढ्यावर सामान्य माणसाला सहाव्या प्रकरणाखाली कोर्टात जाता येणार नाही, मुद्दाम भेदभाव केल्याचं दाखवावं लागेल. परिणामाची तक्रार सरकारनेच हाताळायची. म्हणजे हक्क कागदावर आहे पण किल्ली सरकारच्या खिशात, आणि सरकार बदललं की किल्ली फिरवणाराही बदलतो. २०२५ चा आदेश म्हणूनच मला जास्त काळजीचा वाटतो.

दवाखाने, मतदान आणि कोर्टासाठी वेगळे, जास्त पक्के कायदे आहेत, ते प्र. ९, १२ आणि १४ मध्ये.

प्र. ५. इंग्रजी-ओन्ली म्हणणारे सगळे द्वेषानेच बोलतात का?

नाही, आणि त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं. त्यांचा मुद्दा असा की इतक्या देशांतून लोक येतात, त्यांना बांधणारी एक तरी सामाईक गोष्ट हवी, ती इंग्रजी, आणि सरकारच स्पॅनिशमध्ये सगळं देत बसलं तर माणूस इंग्रजी शिकणारच नाही आणि कमी पगाराच्या कामात अडकून पडेल. हे मांडणाऱ्यांत एस. आय. हायाकावा होते, कॅनडात जपानी आईबापांच्या पोटी जन्मलेले, भाषेचेच प्राध्यापक, पुढे कॅलिफोर्नियाचे सिनेटर. इंग्रजीसाठी घटनादुरुस्ती त्यांनी १९८१ मध्ये मांडली, आणि १९८३ मध्ये जॉन टँटन यांच्याबरोबर यू. एस. इंग्लिश ही संघटना काढली.

पण त्याच चळवळीची दुसरी बाजूही आहे. टँटन यांचं लॅटिनो लोकांबद्दल अत्यंत अपमानकारक लिहिलेलं टिपण १९८८ मध्ये बाहेर आलं, तेव्हा संघटनेच्या अध्यक्ष लिंडा चावेझ यांनी राजीनामा दिला, ज्येष्ठ वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉंकाइट सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सगळ्यांना एका मापाने मोजू नका, पण कोण कशासाठी बोलतंय ते बघा.

प्र. ६. पूर्ण इंग्रजी-ओन्ली कुठे करून पाहिलंय का?

हो. सगळ्यात टोकाचं १९१८ मध्ये आयोवात. पहिलं महायुद्ध चालू होतं, जर्मनांवर राग होता, गव्हर्नर हार्डिंग यांनी फतवा काढला की शाळेत, रेल्वेत, सार्वजनिक ठिकाणी, इतकंच काय टेलिफोनवरसुद्धा फक्त इंग्रजी बोलायचं. रोख जर्मन भाषेवर होता पण डॅनिश, नॉर्वेजियन, चेक सगळेच भरडले गेले, चर्चमधली प्रार्थनासुद्धा ज्याला इंग्रजी येत नाही त्याने घरी करायची.

दुसरं उदाहरण मायामीचं आणि ते आपल्या विषयाच्या जास्त जवळचं. मायामी ज्यात येतं त्या डेड काउंटीने (काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा) १९७३ मध्ये स्वतःला द्विभाषिक जाहीर केलं. १९८० मध्ये क्युबातल्या मारिएल बंदरातून बोटींनी प्रचंड लोक आले, वातावरण तापलं आणि त्याच नोव्हेंबरात मतदारांनी उलटा ठराव पास केला, काउंटीचा पैसा इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेवर खर्च करायचा नाही. झालं काय, तर १९८४ मध्ये वैद्यकीय सेवा, आणीबाणी, पर्यटन यांच्यासाठी अपवाद घालावे लागले आणि १९९३ मध्ये सगळंच रद्द केलं. चक्रीवादळ येतंय हे सांगताना समोरच्याला कळतंय की नाही हे बघावंच लागतं ना.

ॲरिझोनाने १९८८ मध्ये तर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम करताना इंग्रजीच वापरायची असं घटनेत घातलं, ते तिथल्याच सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये उडवलं, २००६ मध्ये जरा मवाळ रूपात परत आणलं.

प्र. ७. या सगळ्याचा खर्च आमच्या टॅक्समधून ना?

हो, आणि विचारणं रास्त आहे. केंद्र सरकारच्याच बजेट ऑफिसने २००२ मध्ये काँग्रेसला हिशेब दिला होता, दवाखान्यात दुभाष्या दिला तर एका भेटीमागे सरासरी साधारण ४ डॉलर, म्हणजे अर्धा टक्का जास्त.

आता न दिल्याचा खर्च बघा. १९८० मध्ये दक्षिण फ्लोरिडात एका १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात आणलं. घरचे म्हणाले "इंटॉक्सिकादो", क्युबन स्पॅनिशमध्ये याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी इंग्रजीतला मिळताजुळता शब्द धरला आणि ड्रग्जच्या ओव्हरडोसची ट्रीटमेंट सुरू केली. मेंदूत रक्तस्राव झाला होता, तो उशिरा कळला, मुलाचे हातपाय कायमचे गेले. तडजोडीची रक्कम त्याच्या आयुष्यभराची धरून ७ कोटी १० लाख डॉलर. दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपल्याला समजलंय, म्हणून दुभाष्या कोणी मागितलाच नाही. हा किस्सा मी टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि दरवेळी मला तितकाच त्रास होतो.

प्र. ८. आपण इंग्रजी शिकून आलो, त्यांनी का नाही शिकायची? आणि "महाराष्ट्रात राहता तर मराठी शिका" म्हणणाऱ्यांनी इथे उलटं का बोलायचं?

दोन प्रश्न आहेत, पण कायम जोडीनेच येतात.

आपण इंग्रजी "शिकून आलो" म्हणजे काय ते आठवा, पाचवीपासून नाहीतर बालवाडीपासून शाळेने शिकवली, मग इंजिनिअरिंग, मग व्हिसा. शेतात, बांधकामावर, हॉटेलच्या भटारखान्यात दोन-दोन शिफ्ट करणाऱ्या बाईला ते मिळालं नाही. तिला शिकायचं नसतं असं अजिबात नाही, लायब्ररीतल्या संध्याकाळच्या फुकट इंग्रजी वर्गाला मी बायका कामाच्या कपड्यांतच येऊन बसलेल्या बघते, डोळे मिटत असतात पण वही उघडी असते. आणि २०१९ च्या त्याच पाहणीत घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्क्यांनी इंग्रजी "खूप चांगली" येते असं सांगितलंय. शिकतात लोक. पण शिकेपर्यंत मध्ये चार-पाच वर्षं जातात, आणि आजारपण, घरमालकाची नोटीस, मुलाचं शाळेतलं ॲडमिशन तोवर थांबत नाही.

आता मराठीचं. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी असं मीही म्हणते आणि त्यात काही चूक वाटत नाही. अमेरिकेत राहणाऱ्याने इंग्रजी शिकावी हेही तितकंच खरं. पण शिकावी म्हणणं वेगळं आणि येत नाही तोवर काम अडवणं वेगळं, पुण्यात बिहारहून आलेल्या मजुराला ससूनच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते हिंदीत समजावलं तर मराठीचं काही जात नाही. आणि जोडी लावायचीच असेल तर न्यू मेक्सिकोतल्या स्पॅनिशची लावा ती बेळगावातल्या मराठीशी. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच लोक, सरहद्द दुसऱ्याने आखली, आणि आता आपल्याच गावात सातबारा आपल्या भाषेत मागायचा तर भांडावं लागतं. बेळगावच्या माणसाची बाजू आपल्याला लगेच कळते, मग ही का कळू नये?

प्र. ९. मुलगा-नात घरात इंग्रजी बोलतात, ते करतील की भाषांतर. दुभाष्या कशाला?

कृपा करून करू नका. एक अकरा वर्षांची मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली होती, हातात दवाखान्याचा कागद, आईला वाटत होतं साधी तपासणीची तारीख आहे. पोरीला बायोप्सी शब्दाचा अर्थ कळला होता आणि तिने तो आईला सांगितलाच नव्हता. त्या वयात तिने काय करायला हवं होतं? ती चुकलीच नाही, तिच्यावर ते काम टाकणारे चुकले.

२०१० च्या आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १५५७ खालचे नियम हेच सांगतात. मेडिकेअर, मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांसारखा केंद्राचा पैसा घेणाऱ्या दवाखान्याने इंग्रजी कमी येणाऱ्या पेशंटला दुभाष्या फुकट द्यायचा, स्वतःचा आणायला सांगायचं नाही, आणि लहान मुलांना दुभाष्या करायचं नाही, अगदी जिवावरची आणीबाणी असेल आणि दुसरं कोणी मिळतच नसेल तेवढा अपवाद. हे कलम काँग्रेसच्या कायद्यातलं आहे, मार्च २०२५ च्या आदेशाने ते गेलेलं नाही. मराठीसाठी प्रत्यक्षात काय करायचं ते शेवटच्या प्रश्नात.

प्र. १०. हे सगळं स्पॅनिशवाल्यांचं झालं. आपल्याला काय फायदा?

आपल्या आईवडिलांना. स्पॅनिश लोकांनी भांडून मिळवलेले नियम "स्पॅनिश" शब्दाने लिहिलेले नाहीत, इंग्रजी कमी येणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिलेत. सातारा-सोलापूरहून ग्रीन कार्डवर आलेले आजी-आजोबा त्यातच मोडतात. पुढचे दोन प्रश्न वाचा.

प्र. ११. आई-बाबांची सिटिझनशिपची मुलाखत मराठीत होऊ शकते का?

काही अटींवर हो. नियम इंग्रजीचाच आहे, बोलता येण्याची अट १९०६ पासून, लिहिण्या-वाचण्याची १९५० पासून. पण अर्ज भरायच्या दिवशी वय ५० किंवा जास्त आणि ग्रीन कार्डवर इथे २० वर्षं झाली असतील, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं, तर इंग्रजीची परीक्षा माफ. इतिहास-नागरिकशास्त्राची परीक्षा मात्र द्यावी लागते, ती आपल्या भाषेत देता येते, दुभाष्या आपणच न्यायचा. वय ६५ आणि २० वर्षं असतील तर प्रश्नांची यादीसुद्धा छोटी, फक्त २० प्रश्न तयार करायचे.

घोटाळा इथे होतो: लोक नुसतं वय बघतात. बाबा ६८ चे आहेत म्हणून माफी मिळत नाही, ग्रीन कार्ड मिळून सहाच वर्षं झाली असतील तर इंग्रजी द्यावीच लागते. ५८ व्या वर्षी ग्रीन कार्ड मिळालेल्या आईला ७३ पर्यंत थांबावं लागेल, नाहीतर इंग्रजीत तयारी. स्मृतिभ्रंश किंवा तसा आजार असेल तर एन-६४८ हा डॉक्टरने भरायचा फॉर्म असतो, तो वेगळा रस्ता.

प्र. १२. नागरिक व्हायला इंग्रजी लागते आणि मत फक्त नागरिकच देतो, मग स्पॅनिश मतपत्रिका कशाला?

फार चांगला प्रश्न. पहिली गोष्ट, वरच्या माफीतून नागरिक झालेले असतात. दुसरी, पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर जन्मलेला माणूस जन्मानेच अमेरिकन नागरिक असतो आणि त्याचं शिक्षण स्पॅनिशमध्ये झालेलं असतं. तिसरी, मूळ रहिवासी जमाती, त्यांना तर कोण परदेशी म्हणणार. आणि सिटिझनशिपच्या मुलाखतीपुरती इंग्रजी येणं वेगळं, कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवरचा बाँडचा, म्हणजे सरकारी कर्ज उभारायचा, ठराव कळणं वेगळं, तो मला एकदा वाचून कळत नाही.

म्हणून १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्यात कलम २०३ घातलं. एखाद्या काउंटीत एका भाषागटाचे इंग्रजी कमी येणारे मतदानाच्या वयाचे नागरिक १०,००० पेक्षा जास्त किंवा ५ टक्क्यांपेक्षा जास्त असतील, आणि त्यांच्यात पाचवीही पूर्ण न केलेल्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त असेल, तर निवडणुकीचे सगळे कागद त्या भाषेतही द्यायचे. मोजतात ते फक्त नागरिक, त्यामुळे "बेकायदा आलेल्यांसाठी मतपत्रिका" हा फॉरवर्ड खोटा आहे. २०२१ च्या यादीत अशी ३३१ ठिकाणं होती आणि कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडात तर राज्य पातळीवरही स्पॅनिश लागू आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये याच कलमामुळे २०१३ पासून बंगाली मतपत्रिका मिळते. कलमाची मुदत २०३२ पर्यंत आहे, तेव्हा हा वाद पुन्हा पेटेल.

प्र. १३. ट्रक चालवणाऱ्यांचं काय? पंजाबी ड्रायव्हरांना थांबवतायत असं ऐकलं.

साध्या गाडीचं लायसन राज्याच्या हातात, परीक्षा कोणत्या भाषेत ते राज्य ठरवतं (अलाबामाने प्र. ४ मधला खटला जिंकूनही दुसऱ्या भाषांतली परीक्षा चालू ठेवली). एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या ट्रकला मात्र केंद्राचा नियम, ड्रायव्हरला पाट्या वाचण्याइतकी आणि पोलिसाशी बोलण्याइतकी इंग्रजी हवी. नियम फार जुना आहे, २०१६ मध्ये त्यासाठी गाडी जागेवर थांबवणं बंद केलं होतं, २५ जून २०२५ पासून परत सुरू झालं. इथे माझं मत जरा वेगळं आहे, ताशी ६५ मैलांनी चाळीस टनी गाडी नेणाऱ्याला "पूल बंद" ही पाटी वाचता यायलाच हवी. पण रस्त्यात उभं करून कोण कशी परीक्षा घेतो ते सगळीकडे सारखं असायला पाहिजे.

प्र. १४. कोर्टात दुभाष्या मिळतोच ना?

केंद्राच्या कोर्टात सरकारने दाखल केलेल्या केसमध्ये मिळतो, १९७८ च्या कायद्याने. त्याआधी काय होतं ते ऐका: न्यूयॉर्कमध्ये एका पोर्तो रिकन मजुरावर खुनाचा खटला चालला आणि साक्षी इंग्रजीत, त्याला एक शब्द कळला नाही, मधल्या सुट्टीत कोणीतरी थोडक्यात सांगायचं तेवढंच. १९७० मध्ये वरच्या कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. राज्यांच्या कोर्टात मात्र राज्याप्रमाणे फरक, घटस्फोट किंवा घरभाड्याच्या केससाठी आधी विचारून घ्या.

एक विचित्र अपवाद. साक्ष स्पॅनिशमध्ये असेल आणि ज्यूरीतल्या माणसाला स्पॅनिश येत असेल तरी त्याने दुभाष्याचं इंग्रजीच खरं धरायचं. १९९१ मध्ये हर्नांडेझ विरुद्ध न्यूयॉर्क खटल्यात सुप्रीम कोर्टाने, दोन्ही भाषा येणारे ज्यूरर याच शंकेने वगळणं चालू दिलं. म्हणजे भाषा येते म्हणून बाहेर.

प्र. १५. पोर्तो रिकोत तर सगळं स्पॅनिशच असेल?

जवळजवळ, पण पूर्ण नाही. १९०२ पासून दोन्ही भाषा अधिकृत, १९९१ मध्ये फक्त स्पॅनिश केली, १९९३ मध्ये नवं सरकार आलं आणि परत दोन्ही. शाळा, पालिका, स्थानिक कोर्ट स्पॅनिशमध्ये चालतं. पण सान हुआनमधल्या केंद्राच्या कोर्टात कामकाज कायद्याने इंग्रजीत आणि ज्यूरीवर बसायला इंग्रजी लागते, त्यामुळे स्वतःच्या बेटावर, स्वतः नागरिक असून बहुतेक लोकांना त्या ज्यूरीत बसताच येत नाही. न्यू जर्सीतल्या काउंटरवर स्पॅनिश का असं विचारणाऱ्याला मी हे जरूर सांगते.

प्र. १६. आईची मंगळवारी डॉक्टरकडे अपॉइंटमेंट आहे. मराठी दुभाष्यासाठी नेमकं काय करू?

आजच फोन करा, दारात जाऊन मागितलात तर वेळ जातो. "इंटरप्रिटर, मराठी" म्हणा आणि लगेच "नॉट हिंदी" म्हणा, स्पेलिंग सांगा, कारण इंडियन म्हटलं की हिंदी लावून मोकळे होतात. माझ्या आईच्या बाबतीत एका दवाखान्यात अगदी हेच झालं, स्क्रीनवर हिंदी दुभाष्या आला, आई म्हणाली "पोटात कळ येते", त्याला कळ म्हणजे काय ते समजेना, शेवटी आई गप्प बसली आणि ठीक आहे म्हणाली. ठीक नव्हतं. आता मी फाइलमध्ये भाषेच्या रकान्यात मराठी लिहून घेतलंय, ते तुम्हीही करून घ्या, एकदा लिहिलं की दरवेळी सांगावं लागत नाही. मराठी दुभाष्या समोर येणार नाही, बहुतेक फोनवर किंवा व्हिडिओवर असेल, चालतं. पैसे मागितले तर देऊ नका, कलम १५५७ सांगा. तुम्ही सोबत नक्की बसा, पण आईला स्वतः बोलू द्या. आणि सुरुवातीला दुभाष्या त्याचा आयडी नंबर सांगतो तो कागदावर लिहून ठेवा, पुढे काही चुकीचं सांगितल्याचं लक्षात आलं तर तक्रारीत तोच नंबर लागतो.